विटलेला रंग

जपानमधील बौद्ध भिक्षू डाव्या खांद्यावरून जे वस्त्र घेतात त्याला तेथे ‘केसा’ म्हणतात. हा शब्द मुळात जपानी नाही. संस्कृत ‘काषाय’ हा शब्द चिनी अक्षरांत केवळ उच्चारासाठी लिहिला गेला, चीनमध्ये त्याचे ‘जिआशा’ झाले आणि तीच अक्षरे जपानमध्ये ‘केसा’ अशी वाचली गेली. वस्त्राला नाव मिळाले ते कापडावरून नव्हे, आकारावरून नव्हे, तर रंगावरून. आणि तो रंग मात्र देशोदेशी तपकिरी, काळा, जांभळा असा बदलत गेला, तरी नाव बदलले नाही. उच्चाराबरोबर जपानी परंपरेने या शब्दाचा अर्थही जपला असून तो ‘एजिकी’ या शब्दात आहे. त्यातील पहिले अक्षर मोडणे किंवा नासणे या अर्थाचे आणि दुसरे रंग या अर्थाचे असल्यामुळे एजिकी म्हणजे मोडलेला रंग, ज्याचा शुद्धपणा मुद्दाम घालवला आहे असा रंग. जपानच्या पारंपरिक रंगांमध्ये ‘मोकुरान’ या नावाचा जो मळकट, पिवळसर तपकिरी रंग आढळतो, तो तीन एजिकींपैकी एक आहे. उरलेले दोन म्हणजे काळपट निळा आणि चिखलासारखा काळा.

शुद्धीच्या मार्गाला लागलेल्या माणसाने अंगावर नासलेला रंग का घ्यावा, हा प्रश्न जपानी शब्दातून जेवढा निर्माण होतो त्याहून अधिक तीव्रतेने तो मूळ संस्कृत शब्दातून निर्माण होतो. आयुर्वेदाने मानलेल्या सहा रसांपैकी कषाय हा एक, म्हणजे मराठीतील तुरट. झाडाची साल किंवा मूळ पाण्यात उकळून जो काढा होतो तोही कषाय. त्या काढ्यात बुडवलेल्या कापडाचा लालसर पिवळा रंग तो काषाय. आणि मनाला चिकटलेला मळ, म्हणजे क्रोध, लोभ, आसक्ती, यांनाही धर्मग्रंथांनी कषाय हेच नाव दिले आहे. छांदोग्य उपनिषदात सनत्कुमार नारदाला अंधाराचा पैलतीर दाखवतो तेव्हा नारदाचे वर्णन ज्याचा कषाय घासून निघाला आहे असा, या अर्थाच्या विशेषणाने केलेले आहे. त्यावर भाष्य करताना शंकराचार्य रंगाऱ्याचीच भाषा वापरतात: रागद्वेष मनाला रंगवतात म्हणून ते झाडाच्या तुरट रसासारखे आहेत, आणि ज्ञान, वैराग्य व अभ्यास हा तो डाग धुऊन काढणारा क्षार आहे. मनातील कषाय धुऊन टाका असे सांगणाऱ्या याच परंपरेचा संन्यासी शरीरावर मात्र काषाय धारण करतो. धम्मपदाच्या पहिल्याच वर्गात या शब्दाच्या दोन अर्थांवर उभारलेल्या दोन गाथा आहेत आणि ज्याचा आतला कसाव गेलेला नाही तो बाहेरच्या कासावाला पात्र नाही, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे हा विरोध प्राचीनांच्या नजरेतून सुटलेला नव्हता.

दिल्लीच्या दक्षिणेकडील मुनिरका या गावठाणात या शब्दाच्या प्रवासाची दोन टोके एकमेकांच्या अगदी जवळ आलेली आहेत. गावात बाबा गंगनाथांचे मंदिर आहे आणि त्यांचे नावच नाथांच्या भगव्या परंपरेची आठवण करून देते. ज्ञानेश्वरांचे गुरू व वडीलबंधू निवृत्तिनाथ यांना गहिनीनाथांकडून दीक्षा मिळाल्यामुळे ती परंपरा मराठी वाचकाला परकी नाही. गावाला लागूनच, 1969 मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा परिसर आहे आणि तेथे संस्कृत व जपानी या दोन्ही भाषा शिकवल्या जातात. मुनिरक्यात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘काषाय’ आणि ‘केसा’ हे दोन शब्द एकाच दिवशी, दोन वेगळ्या वर्गांत भेटू शकतात, आणि ते दोन नसून एक आहेत हे कळण्यासाठी त्याला फार दूर जावे लागत नाही.

मनातला कषाय धुवायचा आणि अंगावर मात्र काषाय घ्यायचा, या विरोधावर सर्वांत सुसंगत उत्तर जैन परंपरेने दिले. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार विकारांना जैन दर्शनात कषाय म्हणतात, आणि त्यांना हेच नाव का, याचा खुलासा पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत आहे: वडासारख्या झाडांचा तुरट रस जसा चिकटण्याला कारण होतो, तसे क्रोधादी विकार आत्म्याला कर्म चिकटण्याला कारण होतात. कापड रंगवणाऱ्याला यातील तथ्य वेगळे समजावून द्यावे लागत नाही. हिरडा, बाभळीची साल, खैराचा काथ यांत जे तुरट द्रव्य असते तेच जिभेला आखडवते, तेच कातडे कमावते आणि तेच सुती धाग्याला धरून राहून पुढच्या रंगाला आधार देते. रंग पक्का करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या खनिज क्षाराला मराठीत ‘तुरटी’ म्हणतात ते तिच्या चवीवरून, आणि त्यामुळे चव व रंगाचा पक्केपणा यांचे नाते या भाषेत एका शब्दातच सांगून झालेले आहे. जैनांनी या निरीक्षणाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला. चिकटवणारी गोष्ट जर बंधनाचे कारण असेल तर मुनीच्या अंगावर रंगवलेले वस्त्र असण्याचे कारण उरत नाही. म्हणून श्वेतांबर साधू पांढरे वस्त्र वापरतात आणि दिगंबर मुनी वस्त्रच ठेवत नाहीत. आत्म्याच्या अवस्था सांगणाऱ्या सहा लेश्यांच्या कल्पनेतही काळ्यापासून सुरू झालेली चढण शुक्ल म्हणजे शुभ्र लेश्येपाशी संपते.

बौद्ध संघाने हा सरळ मार्ग घेतला नाही. विनयपिटकाच्या महावग्गात चीवराविषयी जो खंड आहे त्यात रंगकामाचा तपशील एखाद्या रंगाऱ्याच्या वहीत शोभावा इतका बारकाईने येतो. आरंभी भिक्षू शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवर रंगवत आणि रंग वाईट येई. तेव्हा मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ या सहांपासून काढलेल्या रंगांना अनुमती मिळाली. कच्च्या रंगाला वास येऊ लागला म्हणून तो उकळण्याची, आणि तो शिजला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहण्याची सोय सांगितली गेली; वाळत घातलेल्या चीवराच्या एकाच बाजूला रंग उतरू नये म्हणून ते पुन्हा पुन्हा उलटण्याचीही सूचना आहे. त्याच खंडात संपूर्ण निळे, संपूर्ण पिवळे, संपूर्ण तांबडे, मंजिष्ठी किंवा काळे चीवर निषिद्ध ठरवले आहे आणि त्याचे कारणही दिलेले आहे: असे रंग घातलेले भिक्षू पाहून लोक म्हणू लागले की हे तर कामभोगी गृहस्थांसारखे दिसतात. रंगाला विरोध नव्हता. विरोध होता तो निव्वळ, एकजिनसी, डोळ्यांत भरणाऱ्या रंगाला. चीवर कापडाचे तुकडे जोडून शिवावे आणि त्याची आखणी मगधातील भातखाचरांच्या बांधांसारखी असावी, हेही तेथेच ठरले आणि ती आखणी आनंदाने करून दाखवली. कापड अशा रीतीने कापल्यावर त्याची बाजारातली किंमत उतरते आणि रंग असा मळवल्यावर त्याचा तोरा उतरतो. ही दोन्ही कामे एकाच हेतूने केलेली आहेत.

हा हेतू सांगायला मराठीत एक शब्द आहे आणि संस्कृतातील ‘वैराग्य’ या शब्दापेक्षा तो अधिक नेमका आहे. ‘राग’ हा शब्द रंगवणे या अर्थाच्या धातूपासून आलेला असल्याने त्याचा अर्थ रंग असाही होतो आणि आसक्ती असाही. विराग म्हणजे मुळात रंग उतरणे. पाली सूत्रांत मुक्तीचा क्रम वारंवार येतो तो निब्बिदा, विराग, विमुक्ती असा; निब्बिदा म्हणजे कंटाळून पाठ फिरवणे आणि विराग म्हणजे रंग जाणे. मराठी माणूस हे दोन्ही टप्पे ‘विटणे’ या एकाच क्रियापदाने व्यक्त करतो. कापडाचा रंग विटतो, आणि माणसाचे मनही संसाराला विटते. काषायाचा अर्थ त्यामुळे शुभ्रतेत शोधून सापडणार नाही. जे वस्त्र कधी रंगलेच नाही ते विटूही शकत नाही. विटण्यासाठी आधी रंग लागलेला असावा लागतो. जैन मुनीचे शुभ्र वस्त्र अंतिम अवस्थेचे चित्र दाखवते, तर भिक्षूचे विटके वस्त्र वाटेवरच्या माणसाचे खरे चित्र दाखवते: त्याला रंग लागलेला आहे, हे तो नाकारत नाही, आणि त्या रंगात त्याचे मन उरलेले नाही. मनातील मळाचे नाव धारण करणारे वस्त्र हे ढोंगाचे नव्हे तर कबुलीचे वस्त्र आहे. या अर्थाने घेतले तर धम्मपदातील गाथांचा रोखही स्पष्ट होतो, कारण कबुली न देता तिचे चिन्ह मिरवणे हाच त्यांचा आक्षेपविषय आहे.

महाराष्ट्रात काषाय पुढे प्रामुख्याने गेरू, म्हणजे काव, याच्या भगव्या रंगात दिसू लागले आणि समर्थ संप्रदायात हुरमुजी छाटी आली. हुरमुजी हे नाव इराणच्या आखातातील होर्मुझ बेटाच्या तांबड्या मातीवरून आलेले आहे. गेरू हा सालीच्या काढ्यासारखा रंग नाही. तो लोहाचा अंश असलेली माती असून धाग्यात न मुरता त्याच्यावर बसतो आणि प्रत्येक धुण्याबरोबर उतरतो, त्यामुळे संन्याशाला आपले वस्त्र पुन्हा पुन्हा रंगवावे लागते. येथे एक उफराटी गोष्ट ध्यानात येते. ज्याचा रंग पाण्याने जातो त्या भगव्या वस्त्राचा आश्रम मात्र एकदा घेतला की जन्मभर न सुटणारा मानला गेला. काशीला संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने आळंदीला परत येऊन गृहस्थ झाले, तेव्हा धर्मशास्त्राने त्यांना आरूढपतित ठरवले आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ही त्यांची मुले ‘संन्याशाची पोरे’ म्हणून समाजाबाहेर राहिली. उलट सालीच्या पक्क्या रंगात रंगलेले चीवर उतरवून ठेवण्याची मोकळीक बौद्ध विनयाने प्रत्येक भिक्षूला दिलेली आहे, आणि त्यात पतन मानलेले नाही. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी 1902 मध्ये सिंहलद्वीपात चीवर घेतले, पुढे ते उतरवले, संसार व अध्यापन केले, मराठीत बुद्धचरित्र आणि संघाचा परिचय लिहिला आणि 1947 मध्ये सेवाग्रामला देह ठेवला. त्यांच्या चीवर उतरवण्यामुळे त्यांच्या मुलांच्या वाट्याला ज्ञानदेवांच्या भावंडांचे भोग आले नाहीत. दोन परंपरांमधील हा फरक करुणेचा आहे आणि तो लहान नाही. ज्या रंगातून माणसाला परत येता येत नाही तो रंग विरागाचा राहत नाही. तो आणखी एक बंधन होतो.

ज्ञानदेवांनंतरच्या वारकरी परंपरेने या प्रश्नाला निराळेच वळण दिले. वारकरी गृहस्थच राहिला. कपाळी बुक्का व गोपीचंदन, गळ्यात तुळशीची माळ आणि अंगावर शेतकऱ्याचे साधे कपडे. भगवा रंग त्याच्या खांद्यावर आला तो पताकेच्या रूपाने. रंग शरीरावरून काठीवर गेला, व्यक्तीचा आश्रम न राहता सगळ्या दिंडीची खूण झाला, आणि ज्याची आई संन्याशाच्या घरी नांदल्यामुळे वाळीत पडली होती त्या ज्ञानदेवाच्या पालखीपुढेही तो फडकू लागला. शिवाय मराठी भक्तीची भाषा विटण्याची नाही, रंगण्याची आहे: कीर्तन रंगते, भक्त नामात रंगून जातो आणि ज्याच्यात रंगायचे त्याचे नावच पांडुरंग. राग घालवण्याऐवजी तो दुसरीकडे वळवावा, हे उत्तर बुद्धाच्या उत्तराहून वेगळे आहे, आणि दोन्हींना एकच म्हणण्याची घाई करण्याने दोन्हींचे नुकसान होते.

वस्त्राचा रंग अहंकाराच्या हाती परत कसा जातो, याचा मोठा धडा जपानच्या इतिहासात आहे. जपानी भाषेत रंगासाठी असलेला ‘इरो’ हा शब्द शृंगार व कामभावना यांसाठीही वापरला जातो, त्यामुळे ‘राग’ शब्दातील जोडअर्थ तेथे भाषांतराविनाच उपलब्ध होता. सम्राट शोमूच्या मृत्यूनंतर 756 मध्ये सम्राज्ञी कोम्योने त्याच्या वस्तू नारा येथील तोदाईजी मंदिराला अर्पण केल्या; शोसोइन नावाच्या त्या भांडारात ‘झाडाच्या सालीच्या रंगाचा’ असा उल्लेख असलेले केसा आजही जपून ठेवलेले आहेत. त्यांचे तुकडे चिंध्यांसारखे एकावर एक मांडून बारीक टाक्यांनी शिवलेले आहेत, पण चिंध्या मात्र रेशमाच्या आहेत. सम्राटाने भिक्षूची गरिबी नेसावी अशी इच्छा धरली आणि ती इच्छा दरबारातील सर्वोत्तम कारागिरांनी पूर्ण केली. लवंगेच्या काढ्यात रंगवलेल्या फिकट तपकिरी रंगाचेही असेच झाले. त्याला सुगंधाच्या नावाने ओळखतात आणि तो भिक्षूंच्या वस्त्रांना चालत असे. पण लवंग समुद्रापारहून येणारी महागडी वस्तू असल्याने त्या विनम्र रंगाची किंमत श्रीमंतांनाच परवडण्यासारखी होती.

दरबारात तर रंगांची उतरंड कायद्यानेच बांधलेली होती. 927 मध्ये सिद्ध झालेल्या ‘एंगिशिकी’ या नियमसंग्रहात कोणत्या रंगाला कोणती वनस्पती, किती राख आणि किती सरपण लागते याची प्रमाणे दिली आहेत; सम्राटाच्या पिवळसर तपकिरी झग्यासारखे काही रंग इतरांना निषिद्ध होते, आणि निषिद्ध रंगांसाठी ‘किंजिकी’ हा स्वतंत्र शब्द होता. या उतरंडीत जांभळा वरच्या पायरीवर होता. तो ‘मुरासाकी’ या, रतनजोतीच्या कुळातील वनस्पतीच्या मुळापासून काढत. सम्राट मोठ्या भिक्षूंना जांभळे केसा बहाल करू लागला, आणि ज्या वस्त्राचा अर्थ ‘मोडलेला रंग’ असा होता ते सर्वांत न मोडलेल्या, सर्वांत मिजासी रंगात मिळू लागले. परंपरा सांगते की झेन आचार्य दोगेन (1200–1253) यांना असे वस्त्र आले तेव्हा त्यांनी ते नाकारले, शेवटी नाइलाजाने स्वीकारले, पण अंगाला लावले नाही. पुढे 1627 मध्ये तोकुगावा शोगुनशाहीने आपल्या संमतीवाचून दिलेली जांभळी वस्त्रे रद्द ठरवली. त्याला विरोध करणाऱ्या ताकुआन सोहो या झेन भिक्षूला 1629 मध्ये उत्तरेकडे हद्दपारी झाली आणि त्याच वर्षी सम्राट गो-मिझुनोओने सिंहासन सोडले. वैराग्याच्या वस्त्राचा रंग कोणी ठरवायचा यावरून सत्ताधारी भांडले, हा त्या वस्त्राच्या पराभवाचा प्रसंग होय. मग भांडणात कोण जिंकला याला फारसे महत्त्व उरत नाही.

दोगेन यांनी केसाच्या गुणांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. 1223 मध्ये चीनला गेल्यावर तेथील मठात पहाटे शेजारचा भिक्षू घडी केलेला केसा मस्तकावर ठेवून श्लोक म्हणत असे. ते पाहून त्यांना रडू आवरले नाही, असे त्यांनीच नोंदवले आहे. त्या श्लोकात वस्त्राला शेत म्हटले आहे, ज्यात पुण्य पिकते असे शेत, आणि मगधातील खाचरांची आठवण अशा रीतीने तेथवर पोहोचली आहे. उकिरड्यावरून उचललेल्या चिंधीच्या, म्हणजे पांसुकूलाच्या, वस्त्राविषयी त्यांचे म्हणणे विशेष मोलाचे आहे: ते रेशमी की सुती, हा प्रश्नच चुकीचा, कारण चिंधी ही चिंधी असते. शोसोइनमधील रेशमी चिंध्यांपुढे हे वाक्य ठेवले की दोगेन किती नेमके बोलत होते ते कळते. पदार्थाची जात विचारणारी नजर जोवर शिल्लक आहे तोवर कितीही मळकट रंग घेतला तरी तो मोडलेला रंग होत नाही.

मराठी समाजात काषायाचा प्रश्न नव्याने उभा राहिला तो 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला. त्या दिवशी भदन्त चंद्रमणी चीवर घालून दीक्षा देत होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्यामागोमाग धम्मात आलेले लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत होते. बौद्ध परंपरेत पांढरे वस्त्र हे गृहस्थ उपासकाचे चिन्ह असल्याने ही निवड परंपरेला धरूनच होती, पण तिला तेथे आणखी एक अर्थ मिळाला, कारण ज्या समाजावर अस्पृश्यतेचा डाग लादला गेला होता त्याने भर दिवसा स्वच्छ, शुभ्र कपडे घालून रस्त्यावरून चालणे ही स्वतःच एक घोषणा होती. जन्मामुळे ज्यांना मळलेले ठरवले गेले त्यांना स्वेच्छेने मळ धारण करायला सांगणे न्यायाचे होत नाही. काषायाची कबुली ज्याच्यावर डाग लादलेला नाही त्याच्याकडूनच मागता येते. चीवराविषयी बाबासाहेबांचा प्रश्न वेगळा आणि कठोर होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले आहे की बुद्धाने भिक्षू निर्माण केला तो एक परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी, की समाजाचा सेवक घडवण्यासाठी. आणि भिक्षू केवळ परिपूर्ण माणूस असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, हे त्यांचे उत्तर होते. रंग कोणता आणि कापड कोणते, हे प्रश्न त्यांनी विचारातच घेतले नाहीत. चीवर घातलेला माणूस कोणाच्या कामी येतो, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाला जपानी उत्तर नागपुरातच मिळाले, हा योगायोग मोठा आहे. 1935 मध्ये जपानच्या ओकायामा प्रांतात जन्मलेले आणि शिंगोन पंथात दीक्षित झालेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई 1960च्या दशकात भारतात आले आणि पुढे नागपूरच्या इंदोरा येथील विहारात राहू लागले. त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले, दीक्षाभूमीच्या कामाची धुरा वाहिली आणि बोधगयेचा महाविहार बौद्धांच्या ताब्यात यावा यासाठी 1990च्या दशकात आंदोलनाचे नेतृत्व केले. मगधातून चीन आणि कोरियामार्गे जपानला गेलेला काषाय विदर्भातील वस्त्यांमध्ये परतला तो कोणत्याही दरबाराने बहाल केलेल्या रंगात नव्हे, तर उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाच्या अंगावर.

विनयपिटकातील एक नियम थेरवाद परंपरेत आजही पाळला जातो: नवे चीवर मिळाले की ते वापरण्याआधी भिक्षूने त्यावर निळा, चिखलाचा किंवा काळपट रंगाचा डाग पाडायचा असतो. जपानच्या तीन एजिकींची मुळे याच तीन रंगांत आहेत. वर्षावास संपल्यावर उपासकांनी दान दिलेले चीवर कितीही नवे, कितीही नीट शिवलेले असले तरी हा डाग पडल्याखेरीज भिक्षूला ते पांघरता येत नाही. डाग केवढा असावा हेही अट्ठकथेने सांगितले आहे: कापडाच्या एका कोपऱ्यावर, मोराच्या डोळ्याएवढा किंवा ढेकणाच्या पाठीएवढा.